खंडेनवमीला बाहेर निघणारे टोपीचे रिव्हॉल्वर: तपासणी, सफाई आणि साठवण

पाऊस ओसरला की ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत शस्त्रांच्या पेट्या उघडतात. तलवारी, कट्यारी बाहेर येतात आणि काही घरांत त्यांच्याबरोबर टोपीचे रिव्हॉल्वरही. बहुतेक नुकसान या चार-आठ दिवसांतच होते. पाटावर ठेवायचे म्हणून कोणी चिंच लावतो, कोणी राखुंडी घासतो, कोणी पॉलिश पेपर घेऊन बसतो. हत्यार चकाकते, पण दीडशे वर्षे टिकलेला पृष्ठभाग कायमचा जातो. शिवाय आत बार, म्हणजे भरून ठेवलेली दारू आणि गोळी, आहे का, हे पाहायचेच राहून जाते, आणि ती चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून क्रम पाळा. आधी आत बार आहे का ते पाहा. मग कागदपत्रे आणि ओळख. त्यानंतर गंजाची परीक्षा, सफाई, तेल किंवा मेण आणि शेवटी साठवण. मधला टप्पा गाळू नका.

खाली टोपी म्हणजे आपटताच आतल्या मसाल्याने दारू पेटवणारी तांब्याची छोटी वाटी, घोडा म्हणजे तिच्यावर आपटणारा भाग आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग. सिलिंडरमध्ये दारू आणि गोळी भरायच्या पोकळीला खण म्हटले आहे. खणामागच्या ज्या बारीक नळकांड्यावर टोपी बसते ते निपल.

ही हत्यारे उडवायची नाहीत

हा लेख एकोणिसाव्या शतकातल्या अस्सल रिव्हॉल्वरांच्या जतनापुरता आहे. त्यांचे लोखंड आजच्या पोलादासारखे एकजिनसी नसते. खणाच्या भिंती आतून गंजाने खाल्लेल्या असतात आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. निपल सैल असेल, किंवा गोळी खणात घट्ट बसलेली नसेल, तर एका खणाची आग शेजारच्या खणात शिरते आणि दोन-तीन बार एकदम सुटतात. यातला एकही दोष वरवर पाहून कळत नाही, म्हणून ‘एकदा उडवून बघू’ हा विषय घरात निघूच देऊ नका.

## टप्पा १: आत बार आहे का?

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. कोरडी राहिली तर ती वयाने मरत नाही. आजोबांच्याही आजोबांनी भरून ठेवलेला बार आजही उडू शकतो. टोपीतला स्फोटक मसाला निकामी झालाच असेल, हेही धरून चालू नका.

तयारी: रिकामी खोली, पोरेबाळे बाहेर, उदबत्ती आणि निरांजन विझलेले. वाळूने भरलेली बादली किंवा मातीची जाड भिंत समोर घ्या आणि नळीचे तोंड तिकडे ठेवा. लागणारे सामान एवढेच: टॉर्च, तासून गुळगुळीत केलेली बांबूची काडी, लांब लाकडी गज, पेन्सिल आणि नायट्राइलचे हातमोजे. लोखंडी सळई नको.

अ) घोडा आणि चाप यांना हात न लावता मागच्या बाजूने टॉर्च मारा. प्रत्येक निपलवर तांब्याची छोटी टोपी आहे का ते बघा. खाली पडलेल्या घोड्याच्या नाकाखाली बाजूने तांब्याची कड दिसते का, हे खास बघा. सर्वांत धोकादायक जागा तीच आहे. तिथे टोपी असेल तर घोडा उचलायचा नाही. टोपी नखाने, चिमट्याने किंवा पेचकसाने काढायची नाही. तपासणी तिथेच थांबवा.

आ) टोप्या नसल्या म्हणजे खण रिकामे, असे नाही. टोप्या काढून बार तसाच ठेवलेली हत्यारे सापडतात. आता सिलिंडरच्या पुढच्या तोंडाकडे बाजूने, तिरपे पाहा. समोर डोळा नेऊ नका. राखाडी गोल कड किंवा पांढरट भुकटी दिसली तर ती शिशाची गोळी समजा. ती भुकटी विषारी असते.

इ) जे खण पुढून उघडे दिसतात त्यांत बांबूची काडी अलगद सोडा आणि तोंडाशी पेन्सिलने खूण करा. मग काडी बाहेरून सिलिंडरला लावून बघा. रिकाम्या खणात टोक निपलच्या बुडापर्यंत जाते. कोल्ट नेव्हीच्या (ओळख टप्पा २ मध्ये) मापाच्या सिलिंडरमध्ये ही खोली साधारण तीन सेंटीमीटर भरते. भरलेल्या खणात काडी जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर जाऊन थांबते. काडी बोटांच्या चिमटीत बाजूने धरा, तळहात तोंडासमोर येऊ देऊ नका.

ई) नळीच्या रेषेत असलेला खण पुढून दिसत नाही. त्यासाठी लाकडी गज नळीतून आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि बाहेरून ताडून पाहा. गज निपलच्या बुडापर्यंत पोचला पाहिजे.

> इशारा: सहाही खणांत काडी सारखीच गेली म्हणून ते रिकामे ठरत नाहीत, सहाही भरलेले असू शकतात. खणांची आपसांत तुलना न करता प्रत्येक माप बाहेरून निपलच्या बुडाशी ताडा.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. कुंभारमाशी नळीत आणि खणांत मातीचे घर करते. काडी अडली की लोक ‘माशीची माती असेल’ म्हणत टोकरायला लागतात. मातीमागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून अडथळा म्हणजे बारच धरा. तोंडाने फुंकून तर कधीच पाहू नका.

बार आहे अशी शंका आली तर: हत्यार आहे तसे, तोंड वाळूकडे ठेवून, खोलीला कुलूप लावा. ड्रिल, गरम पाणी, हातोडी, लोहाराचे दुकान यांपैकी काहीही नको. पिशवीत घालून स्कूटरवरून कुठे न्यायचे तर मुळीच नाही. परवाना असेल तर शस्त्रदुरुस्तीचा अधिकृत परवाना असलेल्या कारागिराला घरी बोलवा. परवान्याचा पत्ता नसेल तर आधी ठाण्यात जाऊन कळवा आणि ते सांगतील तसे करा.

## टप्पा २: कागद आणि ओळख

‘टोपीचे आहे, त्याला परवाना लागत नाही’ हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशांना. तुमचे हत्यार त्यात बसते की नाही, हे तुम्ही स्वतः ठरवायचे नसते. कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेत लेखी विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेल्याही त्यात धरल्या जातात. आजोबांच्या नावावरचा परवाना त्यांच्या माघारी आपोआप नातवाचा होत नाही, हेही लक्षात असू द्या.

मूठ हस्तिदंताची असेल तर वन्यजीव कायद्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. तिची खरेदी-विक्री करता येत नाही.

आता ओळख. आपल्या भागात प्रामुख्याने तीन प्रकार समोर येतात:

- कोल्ट नेव्ही १८५१ किंवा तिची नक्कल: वरून उघडी चौकट, सहा खण, नळी आडव्या पाचरीने बसवलेली. सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचे बारीक कोरीव चित्र असते.
- अ‍ॅडम्स आणि ब्यूमाँट-अ‍ॅडम्स: वरून बंद, सलग चौकट, पाच खण. अ‍ॅडम्सच्या १८५१ च्या नमुन्यात घोड्याला अंगठ्याने ओढायचे शिंगच नसते, चाप ओढला की घोडा उठतो. म्हणून घोडा उचलून बघायचा प्रयोग या नमुन्यावर करायचा नाही.
- बेल्जियमची लिएज बनावट: सिलिंडरवर लंबगोलात ई.एल.जी. ही अक्षरे आणि खाली तारा. घरात ‘विलायती कोल्ट’ म्हणून सांगितलेले हत्यार पुष्कळदा या जातीचे निघते.

सफाई सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ऊन नको, खिडकीचा तिरपा उजेड घ्या, म्हणजे पुसट अक्षरेही दिसतात. क्रमांक वहीत उतरवा. कोल्टवर नळी, चौकट, सिलिंडर, चापाचे कडे, मुठीची पट्टी आणि पाचर अशा अनेक भागांवर क्रमांक असतात. ते एकमेकांशी जुळतात का ते लिहून ठेवा.

## टप्पा ३: गंज कोणता, रंग कोणता

इथे घाई झाली की हत्यार मेले. लोखंडावर दोन प्रकारचा थर असतो. घट्ट, गुळगुळीत, काळपट-तपकिरी थर स्थिर असतो, तो काढायचा नाही. नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो आजही आत खात चाललेला असतो.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या सुती कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्या आणि न दिसणाऱ्या जागी, समजा नळीच्या खालच्या अंगाला, हलके फिरवा. कापड तपकिरी-काळे झाले तर जुना मळ आहे. नारिंगी झाले तर गंज जिवंत आहे, आणि काम फक्त तिथेच करायचे.

कोल्टच्या पितळी पट्टीवर मुळात चांदीचा मुलामा असे. आज तो कोपऱ्यांत, चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला, काळसर डागांसारखा उरलेला असतो. लोक त्याला मळ समजून घासतात. पट्टी सोन्यासारखी पिवळी होते आणि चांदीचा शेवटचा अंश निघून जातो. सिलिंडरवरच्या चित्राचेही तेच होते. ते इतके उथळ असते की दोन-तीन वर्षांच्या पॉलिशने जहाजांच्या शिडांच्या रेषा नाहीशा होतात.

> पडताळा: पुढे जाण्याआधी तीन गोष्टी झालेल्या हव्यात. प्रत्येक खण रिकामा असल्याची खात्री, फोटो, आणि जिवंत गंजाच्या जागांची यादी.

## टप्पा ४: उघडायचे किती?

जेवढे हाताने सहज सुटते तेवढेच. आतली यंत्रणा, म्हणजे घोड्याची मुख्य पट्टी-स्प्रिंग, सिलिंडर फिरवणारी कळ आणि तो अडवणारा खटका, घरी उघडू नका. या स्प्रिंगा जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या असतात आणि मोडल्या तर त्या मापाच्या मिळत नाहीत.

कोल्ट जातीच्या रिव्हॉल्वरसाठी क्रम असा:

१. घोडा अर्ध्यावर आणा, म्हणजे सिलिंडर मोकळा फिरतो. अर्ध्यावरची खाच झिजलेली असू शकते, म्हणून अंगठा घोड्यावरून काढू नका आणि बोट चापापासून लांब ठेवा.

२. पाचरीच्या उजव्या टोकाला छोटी स्प्रिंगची जीभ असते. ती दाबून पाचर उजवीकडून डावीकडे ढकला. हलली नाही तर सांध्यात तेल सोडून दोन दिवस थांबा, मग लाकडी ठोकळा मधे धरून हलकेच ठोका. पाचर पूर्ण बाहेर काढायची नसते, डावीकडचा स्क्रू तिला धरून ठेवतो.

३. नळी पुढे सरकत नसेल तर सिलिंडर असा फिरवा की ठासणीचा, म्हणजे गोळी खणात दाबायचा नळीखालचा, दांडा दोन खणांच्या मधल्या भिंतीवर टेकेल. मग दांडा हळू दाबा, नळी पुढे येते. दांडा खणाच्या तोंडात गेला तर काहीच होत नाही, आणि कडेवर टेकला तर कड चेपते.

४. नळी आणि सिलिंडर सरळ पुढे ओढून काढा. वाकडे केले तर मधला आस ओरबाडतो.

अ‍ॅडम्समध्ये चौकट उघडत नाही. सिलिंडरचा आस पुढे ओढला की सिलिंडर बाजूने निघतो. आस अडकला असेल तर पकड लावू नका, तेल सोडून थांबा.

निपल काढण्याचा मोह आवरा. शंभर-दीडशे वर्षे बसलेले निपल गंजाने आट्यांत चिकटलेले असते. पकडीने फिरवले की त्याचे चौकोनी खांदे गोल होतात, आणि पुढे योग्य पान्यानेही ते निघत नाही. तिथे तेल सोडा आणि निपल आहे तिथेच राहू द्या.

स्क्रू काढायचाच झाला तर पेचकसाचे पाते खाचेत पूर्ण बसणारे हवे, रुंदीलाही आणि जाडीलाही. बाजारातले निमुळते पाते वर सरकून खाच फाडते. काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर हत्याराची आकृती काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. ते सारखे दिसले तरी लांबीत फरक असतो.

## टप्पा ५: सफाई

आतून, पाण्याने. काळ्या दारूच्या जळक्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नळी आतून गंजते. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. नुसते तेल ओतणारे लोक क्षार आत कोंडून ठेवतात आणि वर्षभराने गज घातला की लाल भुगा निघतो.

सिलिंडर आणि नळी सुटी झाली असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कोमट करा. बोअरिंगचे पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. गजाला सुती चिंधी गुंडाळा, ओली करा, आतून फिरवा, चिंधी बदला. पांढरी चिंधी जवळजवळ पांढरी निघेपर्यंत हे चालू द्या. जळका कडक झालेला असेल तर नायलॉनचा ब्रश चालेल, पोलादी तारेचा चालणार नाही. लगेच कोरड्या चिंध्या फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची एक चिंधी, मग पुन्हा कोरडी. ओले लोखंड पाच मिनिटेही तसे ठेवू नका, डोळ्यांदेखत लाली चढते. अल्कोहोल लाकडावर सांडू देऊ नका, मुठीचे जुने रोगण विरघळते.

भाग सुटत नसतील तर पाणी ओतायचे नाही. चिंधी भिजवून घट्ट पिळून घ्या आणि क्रम तोच ठेवा.

बाहेरून, तेलाने. ज्या जागा टप्पा ३ मध्ये जिवंत गंजाच्या ठरल्या तिथे तेलाचा थेंब टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. न निघाल्यास पितळेची किंवा तांब्याची पट्टी तासून वापरा. हे धातू लोखंडापेक्षा मऊ असल्याने गंज सुटतो आणि खालचा थर शाबूत राहतो. दर दहा-बारा घासण्यांनंतर पुसून बघा. नारिंगी यायचे थांबले की हात थांबवा, मागे खड्डा राहिला तर राहू द्या.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचे रसायन, धातू चमकवायचे पॉलिश, विटकरीचा भुगा यांपैकी काहीही लोखंडाला किंवा पितळेला लावायचे नाही. आम्ल खाचांत बसते आणि महिनाभराने तिथूनच नवा गंज फुटतो.

मूठ. अक्रोडाच्या मुठीवरची चौकट्यांची नक्षी मऊ कोरड्या टूथब्रशने झाडा. जवसाचे तेल पाजू नका, लाकूड काळे आणि चिकट होते. वार्निश तर नकोच. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर जातो आणि कोरड्या हवेत मुठीला चिरा पडतात. त्या चिरा भरण्यापेक्षा हत्यार गच्चीखालच्या तापलेल्या खोलीतून तळमजल्यावर आणणे जास्त उपयोगाचे.

> पडताळा: नळीत आणि प्रत्येक खणात कोरडी पांढरी चिंधी घालून रात्रभर ठेवा. सकाळी ती लाल झालेली असेल तर क्षार अजून आत आहेत. पाण्याची फेरी पुन्हा करा.

## टप्पा ६: तेल की मेण

आतल्या भागांना पातळ खनिज तेल, म्हणजे शिलाई मशीनचे, आणि तेही पुसून घेतल्यावर उरेल एवढेच. जास्त तेल ओघळून लाकडात शिरते आणि मूठ मऊ पडते. मोहरीचे आणि तिळाचे तेल हवेने घट्ट होते, खोबरेल थंडीत गोठते. घोडा अडकणाऱ्या जुन्या रिव्हॉल्वरांत गंजापेक्षा वाळलेले खाद्यतेलच जास्त सापडते. गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे काही आठवड्यांत उडून जातो, वर्षाच्या संरक्षणासाठी तो भरवशाचा नाही.

बाहेरच्या अंगाला संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण उत्तम. कापडाच्या टोकावर मटाराच्या दाण्याएवढे घेऊन पूर्ण हत्याराला पुरते. पातळ थर द्या, काही मिनिटांनी कोरड्या कापडाने उजळा. बोटांचा घाम मेणावर राहतो, लोखंडापर्यंत पोचत नाही.

जोडणी उलट क्रमाने. पाचर हाताने बसेल एवढीच दाबा. मग घोडा अंगठ्याने धरून हळू खाली सोडा. चाप ओढून घोडा रिकामा आपटायचा नाही. आपटल्याने निपलचे तोंड चेपते आणि घोड्याच्या नाकाला तडा जातो. घरी आलेल्या पाहुण्याला दाखवताना ही चूक फार होते.

## टप्पा ७: पूजेचा दिवस

पाटावर जाड कोरडे कापड घाला आणि हत्यार त्यावर ठेवा. ओले गंध, हळदकुंकू, अक्षता, पंचामृत यांतले काही थेट लोखंडावर नको. हळदकुंकू समोरच्या सुपारीला किंवा हत्याराच्या रिकाम्या पेटीला वाहा. झेंडूची माळ पाटाच्या कडेने घाला. झेंडू रात्रभर नळीवर राहिला तर सकाळी त्याच्या देठांच्या आकाराचे डाग दिसतात. निरांजन हातभर लांब ठेवा.

त्याच संध्याकाळी हातमोजे घालून कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि ठेवून द्या. दसऱ्यापर्यंत पाटावर तसेच ठेवायचा रिवाज असेल तर कापड रोज बदला.

## टप्पा ८: साठवण

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि क्षार लोखंडाला गंज आणि पितळेला हिरवा कळंक आणतात. म्यान वेगळे, हत्यार वेगळे. जुनी मखमली पेटीही दाखवण्यापुरती, कारण मखमल ओल धरते. वर्तमानपत्र आणि बंद प्लास्टिकची पिशवी दोन्ही वाईट.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत धुतलेल्या बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळलेले हत्यार, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरे. सिलिका जेल डब्याच्या दर लिटरला सुमारे २० ग्रॅम धरा. १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम लागेल, बुटाच्या खोक्यातली एक पुडी नाही. नारिंगी रंगाचे जेल घ्या. ते हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली पाहिजे. त्याहून खाली लाकूड चिरते, वर लोखंड गंजते.

परवाना असलेले हत्यार असेल तर हा डबा कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मधे वीतभर जागा सोडा.

उघडून बघायच्या वेळा तीन: जूनच्या सुरुवातीला, पाऊस संपल्यावर खंडेनवमीच्या आधी, आणि जानेवारीत धुके पडते तेव्हा. प्रत्येक वेळी टप्पा १ पहिल्यापासून करा, हत्यार मागच्या वेळी तुम्हीच ठेवलेले असले तरी. तारीख, आर्द्रता आणि गंजाची नवी जागा फोटोंच्या वहीत लिहा आणि ती वही डब्यात न ठेवता कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.